चौथ्या मजल्यावरचं गार दार

ऋता जिना उतरत होती ती जवळजवळ धावतच. मागून तिचा धाकटा भाऊ क्षितिज आणि शेजारचा फरहान येत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या गोह आजींना चक्कर आली होती, आणि दार उघडंच होतं म्हणून ते फरहानला दिसलं होतं.

ऋताची आई, अनघा, आधीच तिथे पोचली होती. तिने आजींच्या तोंडावर पाणी मारलं, पंखा लावला. जून महिना, सिंगापूरच्या बुकित पंजांग भागातली भर दुपार. खोली भट्टीसारखी तापली होती. आजींना इंग्रजी येत नव्हतं, पण बाजारात बोलतात तशी मलय भाषा येत होती. पंखा बंद का ठेवला, असं फरहानने मलयमध्ये विचारलं. आजींचं उत्तर त्याने अगदी हळू आवाजात सांगितलं.

"त्या म्हणतात, तुम्ही मुलांनीच सांगितलं होतं ना, बंद करा म्हणून."

ते खरंच होतं. सुट्टी लागल्यापासून हे तिघं ब्लॉकमध्ये, म्हणजे आपल्या इमारतीत, दारोदार फिरत होते. शेजारच्या ब्लॉकशी वीज वाचवायची स्पर्धा लागली होती. मोहिमेचे प्रमुख होते चौथ्या मजल्यावरचे मनोहरकाका, बुओना व्हिस्टा भागातल्या एका ऑफिसात मॅनेजर. गोह आजींच्या दारात उभं राहून "एकही पंखा विनाकारण नको" असं बजावणारे तेच होते. तरीही ब्लॉकचा वापर कमी होत नव्हता, आणि लोकच आळशी आहेत, असं काका दर सभेत ऐकवत होते.

ऋता खिडकीशी गेली. बाहेर बांबूवर वाळत घातलेल्या आजींच्या कपड्यांवर वरून पाणी ठिबकत होतं. आकाशात ढगाचा ठिपकाही नव्हता.

"एसीचं पाणी," फरहान म्हणाला. "वरचा चालू आहे, नक्की चालू आहे."

पण वर तर मनोहरकाका राहत होते. काका ऑफिसात होते आणि काकू पुण्याला गेल्या होत्या. घराला कुलूप होतं. तिघं वर गेले. क्षितिजने जमिनीवर आडवं पडून दाराच्या फटीला गाल लावला आणि दचकून उठला. आतून बर्फासारखी हवा येत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तेच, दुपारीही तेच.

ऋताने संध्याकाळी काकांना लिफ्टपाशी गाठून विचारलं. ते हसले. जुना पाइप गळत असेल, म्हणाले, आणि मुलांनी मोठ्यांच्या घरात नाक खुपसू नये, हेही सांगितलं. घरी तिचे बाबा, विश्वास, यांनीही तिलाच दटावलं. पुराव्याशिवाय कुणावर आरोप करायचा नाही, असं ते म्हणाले. रागाने ऋताला जेवण गेलं नाही.

"मग पुरावा सगळ्यांनाच ऐकवू," ती क्षितिजला म्हणाली.

शनिवारी दुपारी इमारतीखालच्या मोकळ्या जागेत सभा होती. काका ऑफिसातून परस्पर तिथे आले. ऋताने त्यांच्या कानात एक कल्पना सांगितली: सगळ्यांनी आत्ता घरी जाऊन एसी बंद करावेत आणि मागच्या हिरवळीवर जमावं, आपली इमारत किती शांत होऊ शकते, ते सर्वांनी ऐकावं. काकांना ती फारच आवडली. त्यांनी माइकवरून ती आपलीच म्हणून जाहीर केली आणि माइक घेऊन स्वतः हिरवळीवर पुढे जाऊन उभे राहिले.

माणसं वर गेली, खाली आली. गोह आजीही अनघाचा हात धरून आल्या. एकेक घरघर थांबत गेली. मग क्षितिजने ओठांवर बोट ठेवलं.

त्या शांततेत एकच यंत्र गुरगुरत राहिलं. सगळ्यांच्या माना वर वळल्या. चौथा मजला, मनोहरकाकांची खिडकी.

"घरी आल्यावर खोली गार हवी असते मला," काका पुटपुटले. "एका एसीने असा काय फरक पडतो?"

ऋता त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज शेवटच्या माणसापर्यंत पोचत होता.

"रिकामी खोली गार ठेवलीत तुम्ही, काका. आणि आजींना आम्ही पंखा बंद करायला लावला. त्या पडल्या. तुमच्या शब्दावर आम्ही त्यांच्या दारात गेलो होतो!"

काकांनी माइक खाली ठेवला, वर जाऊन एसी बंद केला आणि परत येऊन ऋताच्या डोक्यावर हात ठेवू लागले. ती बाजूला झाली.

"माझी नको. त्यांची माफी मागा."

काका गोह आजींपुढे वाकले. फरहानने त्यांचे शब्द मलयमध्ये सांगितले, एकही गाळला नाही. आजींनी मान हलवली, पण हसल्या नाहीत.

त्याच हिरवळीवर नवे नियम ठरले. म्हाताऱ्या माणसांचे आणि आजाऱ्यांचे पंखे चालूच राहतील, आणि जो दुसऱ्याला सांगायला जाईल त्याचं घर आधी मुलं तपासतील. फरहानच्या वडिलांनी तिघांची पाठ थोपटली. विश्वास लेकीजवळ आले.

"मी तुझं ऐकून घ्यायला हवं होतं," ते म्हणाले. "शाबास, ऋता."

"मी अजून चिडलेली आहे, बाबा."

"असू दे," ते म्हणाले. "चल, आधी आपलं घर तपास."