निजायची खोली

काम तसं किरकोळ होतं. टॅमरॅक रस्त्यावरच्या एका जुन्या घराच्या तळघराची डागडुजी झाली होती, मालकीणबाईंना ते भाड्यानं द्यायचं होतं, आणि घर राहण्याजोगं आहे असं इमारत-निरीक्षकानं लिहून द्यायचं होतं. फरक एवढाच, की आज घर तपासणार होती व्हर्ना लाहती, आणि तिला तपासणार होता आर्नी कोस्केला.

व्हर्नाची अर्धी हयात लोकांच्या भिंतींना जिप्समचे बोर्ड ठोकण्यात गेली होती. गुडघ्यांनी राजीनामा दिला, तेव्हा तिनं निरीक्षकाच्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक उघडलं. दोनदा आपटली, तिसऱ्यांदा लेखी परीक्षा पास झाली. आता जुन्या निरीक्षकाच्या देखत एक घर एकटीनं तपासायचं, एवढंच उरलं होतं. त्यानं शिफारस केली की प्रमाणपत्र, आणि प्रमाणपत्र हाती आलं की आर्नीचीच खुर्ची. तो महिनाअखेर निवृत्त होत होता आणि शिफारस करू शकणारं दुसरं माणूस या भागात नव्हतं. आज घोळ झाला, तर पुन्हा गुडघे टेकून बोर्ड ठोकणं आलं.

आर्नी एरवी गाडीत तिची टर उडवल्याशिवाय राहत नसे. आज पत्ता ऐकल्यापासून तो मूग गिळून बसला होता. बाहेर सुपीरियर सरोवराचा वारा सुटला होता. ऑक्टोबरातली दुपार, पण उजेड आतापासूनच आटत चालला होता. खाणी बंद पडल्यापासून ओस पडलेली घरं रस्त्याच्या दोन्ही अंगांना उभी होती.

"तब्येत बरी आहे ना, आर्नी?"

"रस्त्याकडे बघ, पोरी."

मालकीण रीटा बोशाँ दारातच उभी होती. गोल, गुबगुबीत, बोलायला लागली की थांबेल तर शपथ. "या या! खिमा-बटाटा भरलेली पास्टी ओव्हनमध्ये आहे. सलगम घातलाय, आधीच सांगते, मागून नाकं मुरडायची नाहीत. आणि हो, दोघं आलात म्हणून चुका दुप्पट काढायच्या नाहीत!"

व्हर्ना हसली. आर्नी हसला नाही. तळघराच्या जिन्याच्या तोंडाशी तो थांबला आणि त्यानं कठडा धरला.

"तू हो पुढं. मी इथूनच बघतो."

इथून काय डोंबल दिसणार, असं तिच्या मनात आलं. जिची परीक्षा घ्यायची तिला अंधारात धाडून परीक्षक जिन्यात उभा? कुठंतरी पाणी मुरत होतं. तरी ती विजेरी पेटवून खाली उतरली.

खाली सगळं नीटनेटकं होतं. बोर्डांचे सांधे तर असे बुजवले होते, की तिनं मनातल्या मनात कारागिराला शाबासकी दिली. बोळाच्या टोकाला एक बंद दार होतं. नकाशात तिथं 'सामानाची खोली' असं लिहिलं होतं. दारासमोर छताला धुराचा गजर बसवलेला होता. व्हर्नानं त्याचं बटण दाबलं. कानठळ्या बसवणारी किंकाळी घुमली आणि थांबली.

त्या शांततेत दारामागं कुणीतरी खोकलं.

कोरडा, लांबलचक खोकला. झोपेतून दचकून उठल्यावर येतो तसा.

व्हर्ना जागच्या जागी उभी राहिली. मग, खोली रिकामी असो वा भरलेली, ठोठावल्याशिवाय आत जायचं नाही, ही आर्नीनंच लावलेली सवय कामी आली. तिनं दारावर बोटं वाजवली.

"इन्स्पेक्टर! आत कुणी आहे का?"

"थांबा... कपडे घालतो."

तरण्या पोराचा आवाज. झोपेनं जड झालेला, जरासा ओशाळलेला.

म्हणजे ही बया गुपचूप भाडेकरू ठेवून बसली होती तर! व्हर्नाला भीती नाही वाटली, रागच आला. भल्या माणसाला कपडे घालायला लागेल इतका वेळ ती थांबली. पुन्हा ठोठावलं. उत्तर आलं नाही, तेव्हा तिनं दार ढकललं.

आत फळ्या होत्या. फळ्यांवर मुरंब्याच्या बरण्या, रंगाचे डबे. माणूस नव्हता. दुसरं दार नव्हतं, खिडकी नव्हती. तिनं चारही भिंती ठोकून पाहिल्या. पोकळी कुठली आहे आणि दगड कुठला, हे तिच्या बोटांना सांगावं लागत नसे. सगळीकडं मागं दगडच होता.

हवा मात्र उबदार होती. आणि जळक्या लोकरीच्या घोंगडीचा वास येत होता.

ती दार तसंच उघडं टाकून वर आली. आर्नी अजून कठडाच धरून उभा होता.

"कुणाशी बोलत होतीस?" त्यानं हळूच विचारलं.

उत्तर न देता तिनं रीटाला धारेवर धरलं. "खाली कोण राहतं?"

"अगं बाई! कुणी नाही, देवाशप्पथ. अजून एकसुद्धा भाडेकरू घेतलेला नाही." रीटाचा चेहरा उतरला. "आधीच्या मालकानं ठेवला होता म्हणतात एक कॉलेजचा पोरगा. सामानाच्या खोलीत खाट टाकून दिलेली. आग वर लागली, धूर खाली उतरला, आणि त्या बिचाऱ्याला... घर विकताना कोण सांगतंय असलं! आर्नीला ठाऊक असेल की, तेव्हाही निरीक्षक हाच होता."

रीटानं आर्नीच्या हातात दिलेली पास्टी तशीच होती.

गाडीत बसल्यावर तो समोर बघत म्हणाला, "सामानाची खोली लिही. मी आत्ता सही करतो. सोमवारी माझ्या खुर्चीत बस."

"तुम्ही खाली का आला नाहीत, आर्नी?"

"लिही म्हणतो ना."

"आत कुणीतरी झोपलं होतं. मी आवाज ऐकलाय. नकाशात काहीही असो, माणूस निजतो ती निजायची खोली, आणि निजायच्या खोलीला बाहेर पडता येईल अशी खिडकी हवीच. तुम्हीच शिकवलंत मला."

"माणूस," आर्नी पुटपुटला. "हो. माणूस निजतो ती."

व्हर्नाला आता सगळा उलगडा झाल्यासारखं वाटलं. ती खोली तेव्हा यानंच डोळेझाक करून पास केली असणार, आणि ते पाप झाकायला आता तिच्या हातून लिहून घ्यायचंय. तिला आपले गुडघे आठवले, खुर्ची आठवली. तरी तिनं लिहिलं: निजायची खोली. नापास. भिंत फोडून खिडकी बसवावी.

आर्नीनं कागद वाचला. "खिडकी नको, व्हर्ना," तो म्हणाला. "त्याला वाट नव्हती म्हणून... म्हणून तो अजून तिथंच आहे."

"ती खोली तुम्हीच पास केली होती ना?"

त्यानं पेन काढून शिफारशीवर सही केली. वर लिहिलं, तपासणी बिनचूक.

प्रमाणपत्र आलं. खुर्ची मिळाली. नोव्हेंबरातल्या पहिल्या बर्फानंतर व्हर्ना ती नवी खिडकी पास करायला गेली.

तिनं सवयीनं दार ठोठावलं. कुणी उत्तर दिलं नाही. आत वास नव्हता, ऊबही नव्हती, खोली अगदी गार पडली होती. पांढऱ्या चौकटीची ऐसपैस खिडकी दगडात छान बसली होती. किल्लीशिवाय आतून उघडते का, एवढंच पाहायचं होतं. तिनं कडीला हात घातला.

कडी निघालेलीच होती. बाहेरच्या पांढऱ्या चौकटीवर चार काळ्या बोटांचे ठसे होते, काजळीचे. खिडकीबाहेरच्या खड्ड्यातल्या बर्फातून अनवाणी पावलं वर चढून रस्त्याकडं गेली होती. येणारं पाऊल एकही नव्हतं.

तिनं पावलांच्या रोखानं पाहिलं. रस्ता उताराचा होता, आणि उताराच्या शेवटी आर्नीचं घर. बायको वारल्यापासून तो एकटाच राहत होता. तिनं फोन लावला.

"आर्नी... ती खिडकी..."

"कळलं मला."

"कसं कळलं?"

"सकाळपासून माझ्या तळघराचं दार आतून लावलेलं आहे."

"खाली जाऊ नका! मी येते. आर्नी, ऐकताय ना? ठोठावू नका!"

"ठोठावायला तर हवंच, पोरी." त्याचा आवाज थकलेला होता, पण शांत होता. फोनमध्ये जिन्यावरची सावकाश पावलं वाजली. मग लाकडावर बोटांचा आवाज आला.

"इन्स्पेक्टर," आर्नी म्हणाला. "आत कुणी आहे का?"

"थांबा... कपडे घालतो."

दार करकरलं. आणि आर्नीचा आवाज आला, लहान मुलाची समजूत काढावी तसा, अगदी हळू.

"इथंही खिडकी नाही रे, पोरा..."