सोनईमाड्यातली मेख

मेलेल्या मित्राला खोटं पाडायचं, एवढ्या एकाच कामासाठी संघर्ष गरियाबंदच्या पुढच्या जंगलात, सोनईमाड्याच्या गुहेकडे निघाला होता. तोंडानं अर्थातच तसं म्हणत नव्हता. तोंडानं म्हणत होता, "पियुषची आठवण म्हणून जाऊन येऊ."

आठवण! रायपूर राजधानी होऊन तिसरं वर्ष लागलं होतं, आणि तेवढ्या काळात साहसी पोट्टा म्हणून शहरात नाव कोणाचं, तर ब्राह्मणपाऱ्यातल्या पियुषचं. दोघं एकाच दिवशी दोराच्या गाठी शिकले. पण कडा चढावा पियुषनं, पुरात नदी पोहावी पियुषनं, पेपरात फोटो पियुषचा, आणि हा फोटोच्या कडेला, अर्धा कापलेला! मग तेविसाव्या वर्षी पियुषला मेंदूचा मलेरिया झाला आणि चार दिवसांत सगळं आटोपलं. संघर्ष ढसाढसा रडला. खरंच रडला. पण तेराव्याला कोणीतरी म्हणालं, "सोनईमाड्याच्या गुहेत पोचलेला पहिला माणूस गेला," आणि याच्या पोटात जुनं दुखणं उठलं.

"पोचला कशावरून? फोटो कुठं हाय?" तो बोलून गेला.

झालं! दोन दिवसांत गोष्ट सदर बाजारापर्यंत. पियुषच्या आईनं, पद्मिनीकाकूंनी, लेकाचं कौतुक सांगणंच बंद केलं. शेवटी त्याची धाकटी बहीण अनुश्री समता कॉलोनीत संघर्षच्या दारात येऊन उभी राहिली.

"भैया, आप ही चलो. बाबांनी रेल्वेच्या लोखंडाची मेख करून दिली होती त्याले, डोक्यावर 'पि' कोरलेली. ती गुहेच्या तोंडाशी ठोकली, असं त्याच्या वहीत लिहिलंय. नाही सापडली तर मीच सगळ्यांना सांगेन, दादा झूठ बोलला."

"चाल," संघर्ष म्हणाला. नाही सापडणार, या विचारानं त्याला आतून गुदगुल्या होत होत्या.

दोन दिवस सालवृक्षांच्या जंगलातून चाल झाली. पियुषला वाट दाखवणारा दयाराम गोंड सोबत होता. कड्याखालच्या नाल्याशी संघर्षनं त्याला सामानाजवळ बसवलं. पियुषच्या वाटाड्याचा हात धरून कोण चढतो? वही होती ना! नाल्यावरून थोडं चढल्यावर दोन धोंडे एकमेकांना टेकून उभे दिसले. वहीत तिथं दोनच शब्द होते: 'जोडदगडापाशी जेवनी.'

"पाहून घे," संघर्ष हसला. "साधा 'ण' लिहिता येत नव्हता तुझ्या दादाले! जेवणी म्हणे. बस, जेवून घेऊ."

दोघांनी पोळ्या खाल्ल्या. मग डावीकडचा कडा सोपा दिसला म्हणून संघर्ष तिकडूनच चढला. अनुश्री खालून दोर सोडत होती. एक मेख, दोन, तीन! दगड पापडासारखा सुटत होता. चौथी मेख ठोकायला हात वर गेला आणि पायाखालचा थरच निसटला.

"भैया!"

तो पडला. वरची मेख उपटली. मधलीही उपटली! सगळ्यात खालच्या मेखेनं हिसका खाल्ला, वाकली, पण धरली. उपटलेल्या दोन्ही आणि हातातली चौथी दरीत खणखणत गेल्या.

दगडांचा आवाज ऐकून दयाराम धावत आला आणि खालून कपाळावर हात मारून ओरडला, "अरे भैया, डेरी कोती काबर चढ़ गेव? जेवनी कोती जाना रहिस!" आणि त्यानं उजवा हात उंच केला. "जेवनी! जेन हाथ ले भात खाथन!"

दयारामच्या छत्तीसगढीत जेवनी म्हणजे जेवायच्या हाताची, उजवी बाजू, आणि डेरी म्हणजे डावी! शुद्धलेखन पियुषचं बरोबर होतं, अक्कल याची कच्ची निघाली होती. मेल्यावरही हा पोट्टा आपल्यापेक्षा शहाणाच! संघर्षला संताप आला, आणि त्या संतापातच त्यानं अनुश्रीला दोर सोडायला लावला, सगळा वर ओढून घेतला आणि दगडाच्या वीतभर रुंद पट्टीवरून उजवीकडे, वर वर सरपटत निघाला. गुडघे सोलले. तोंडात माती गेली. पण शेवटी हाताला कपारीची कड लागली आणि तो गुहेच्या तोंडाशी पोचला.

मेख तिथंच होती. गंजलेली, 'पि' कोरलेली.

खालून कपारीआडचं काही दिसत नव्हतं. एक घाव, दुसरा घाव, उपटायची, दरीत फेकायची. कोणाले काय कळते? संघर्षनं हातोडा काढला. पहिला घाव! दुसरा! मेख हलली. तिसऱ्या घावासाठी कमरेच्या पट्ट्याला हात लागला आणि तो थिजला. पट्ट्यात एकही मेख नव्हती; आणलेल्या चारही गेल्या होत्या. खाली साठ फूट कडा. ज्या पट्टीवरून आला ती त्याच्यामागं ढासळलेली. उतरायचं तर याच एका मेखेवर!

तो मेखेसमोर बसला.

"काहून बे गेलास?" तो त्या लोखंडाशीच भांडू लागला. "जिता राहिला असतास तर कधी ना कधी हरवलंच असतं तुले! आता कोणाले हरवू?" ओरडून ओरडून घसा बसला. मग नाक पुसून त्यानं मेख पुन्हा ठोकली, घाव घाव मोजून, पार मुंडक्यापर्यंत. तिच्या कडीत दोर ओवला. अंगाचा भार टाकला. मेखेनं हूं की चूं केलं नाही.

खाली पाय टेकताच अनुश्रीनं दंड धरला. "मेख है क्या?"

"हाय. तिच्यावरच उतरलो." संघर्षला तिच्याकडे पाहवेना. "दोन घाव घातले होते मी, उपटून फेकाले. मग परत ठोकली."

तिनं दंड सोडला.

"माँ को ये भी बोलोगे?"

"हव, सांगतो," संघर्ष म्हणाला.