मागचा आकडा

एक वर्ष गावोगाव फिरायचं, जिथे गरज पडेल तिथे राबायचं आणि मगच कॉलेजात जायचं, हे तिनं घरी सांगितलं तेव्हा आईनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "घरात कधी झाडू हातात धरला नाहीस, आणि जगाचा केर काढायला निघालीस," एवढंच ती म्हणाली. घरी तिला सगळे शहाणी म्हणत, आणि त्यात कौतुकाचा भाग कमीच होता. फोनवर आईनं एकदा तशी हाक मारलेली कोणीतरी ऐकली आणि स्वयंसेवकांच्या तुकडीतही तेच नाव चिकटलं.

तुकडी सात जणांची. म्होरक्याचं नाव मुकादम, कारण तो स्वतः राबण्यापेक्षा दुसऱ्यांना राबवायचा. त्याचा एक नियम मात्र तो कधी मोडू देत नसे. काम संपवून गाडीत बसलं की प्रत्येकानं आपापला आकडा मोठ्यानं म्हणायचा, आणि मागच्या आकड्याचा आवाज कानावर पडेपर्यंत थांबायचं. मागचा माणूस ही पुढच्याची जबाबदारी. शहाणी सहा होती. तिच्या मागे सात, म्हणजे मुंगी. चणीनं एवढीशी, पण चिखलाची घमेली अशी उचलायची की बघणाऱ्याची कंबर दुखावी. या दोघींचं पहिल्या दिवसापासून गूळपीठ जमलं होतं.

मुंगीचा आकडा शेवटचा, म्हणून गाडीचं मागचं सरकतं दार ओढायचं काम तिच्याकडे होतं. दार भलतं हट्टी होतं. ते ओढताना ती नेहमी कुरकुरायची, "माझ्या मागे कोणीच नाही. मलाही कोणाची तरी काळजी करू द्या की."

एका गावात वादळ आणि पाठोपाठ पूर येऊन गेला होता. तुकडीच्या वाट्याला सभागृहाचं तळघर आलं. आत कुजलेल्या सतरंज्यांचा वास होता, आणि खाली पाणी सारखं पाझरायचं. दिवसभर पंप चालू ठेवायचा, चिखल उपसायचा, आणि संध्याकाळी पंप बंद केला की पाणी पुन्हा चढायला लागायचं. जेवणाच्या सुट्टीत तिथल्या वॉचमननं वादळाच्या दिवसाची गोष्ट सांगितली. वाटसरू, दुकानदार, पोरंसोरं, सगळी तळघरात शिरली होती. पाणी भरू लागलं तसं यानं अंधारातच प्रत्येकाला आकडा दिला आणि वर आल्यावर म्हणवून घेतला. "एकही आकडा कमी भरला नाही," तो छाती पुढे काढून म्हणाला. मुकादमाला तर आपला गुरुबंधू भेटल्यासारखंच झालं.

संध्याकाळी पंप गाडीत चढला. मागच्या सीटवर फावडी आणि पाइपांचा ढीग लागला. उजेड मावळत आला होता आणि सगळे इतके दमले होते की मान वळवायचंही कोणाच्या जिवावर आलं होतं. मुकादमानं एक म्हटलं. आकडे मागे सरकत आले. शहाणीनं बुटातला चिखल काढता काढता सहा म्हटलं. मागून मुंगीचा थकलेला आवाज आला, "सात." दार खडखडत बंद झालं. गाडी निघाली.

पूल ओलांडल्यावर शहाणीनं बिस्किटाचा पुडा मागे धरला. तो कोणी घेईना. तिनं वळून पाहिलं.

मागे फावडी होती. पाइप होते. मुंगी नव्हती.

तिनं पुढच्याचा खांदा गच्च धरला आणि गाडी थांबवा म्हणून ओरडली. ड्रायव्हरकाकांनी करकचून ब्रेक दाबला. "आत्ताच तर सात म्हणाली," मुकादम पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. सगळ्यांनीच ऐकलं होतं. शहाणीला एकच गोष्ट कळत होती. पंप बंद होता, आणि पाणी चढत होतं.

काकांनी गाडी वळवून थेट सभागृहाशी आणली. तळघरात पाणी कमरेला लागत होतं. आतल्या छोट्या खोलीचं फुगलेलं दार घट्ट बसलं होतं, आणि पलीकडून ठोकल्याचा आवाज येत होता. तोही थांबत थांबत. पहारीनं दार उचकटलं तेव्हा मुंगी भिंतीला टेकून उभी होती, ओठ निळे पडलेले, ठोकून ठोकून दोन्ही तळहात सोललेले. शहाणीनं तिला मिठी मारली आणि हुंदके देऊन रडली. आपला मागचा आकडा आपण सोडून गेलो होतो, याची तिला भयंकर लाज वाटत होती.

गाडीत घोंगडी पांघरून बसल्यावर मुंगी हळूच म्हणाली, "पण मी म्हटलं होतं की..."

"काय म्हटलं होतंस?"

"सात. राहिलेलं घमेलं आणायला आतल्या खोलीत गेले, तर दार मागे घट्ट बसलं. तुमचे आवाज आले ना... अगदी शेजारून, अंधारात. एक, दोन... तुझा सहा आला. वाटलं, तुम्ही सगळे आतच आहात. म्हणून मी सात म्हटलं."

शहाणीनं घोंगडी तिच्या खांद्यांवर आणखी ओढली. "मग?"

"मग माझ्या मागून... कोणीतरी आठ म्हणालं. लहान होतं गं..." मुंगीचे डोळे भरून आले. "आणि मी त्याला तिथेच सोडून आले."

मुकादम टॉर्च घेऊन पुन्हा खाली गेला. कोपरा न कोपरा चाचपून वर आला, तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. आत पाण्याशिवाय काही नव्हतं. वॉचमनला विचारलं, तर तो आपलं तेच सांगत बसला. आकडे पूर्ण भरले होते, एकही कमी नव्हता. अंधारात कोणाला आकडा द्यायचाच राहिला होता का, हे मात्र त्याला सांगता येईना.

सकाळी गाव सोडायचं ठरलं. शहाणीनं आईला फोन लावला, पण घरी येते म्हणावंसं वाटत असूनही तब्येत बरी आहे एवढंच सांगून ठेवून दिला. मुंगीला एकटीला टाकून जाणं तिच्याकडून होणार नव्हतं.

निघताना मुकादमानं सगळ्यांना एकमेकांकडे वळून बसायला लावलं. आकडे म्हणताना प्रत्येकानं मागच्याचं तोंड बघायचं, असा नवा नियम. शहाणी पूर्ण वळून मुंगीसमोर बसली आणि सहा म्हणाली. मुंगी तिच्याकडे बघत सात म्हणाली. तिचे दोन्ही हात बँडेजमध्ये गुंडाळलेले, मांडीवर ठेवलेले होते.

मग मुंगी थांबली. मागचा आकडा येईपर्यंत सगळेच थांबत, तशी. मान किंचित कलती, कान दाराकडे. कोणालाच काही ऐकू आलं नाही. पण हळूहळू तिच्या कपाळावरची आठी उतरली, आणि ती खिडकीच्या बाजूला सरकून बसली, शेजारी जागा करून.

"चला काका," ती म्हणाली.

ड्रायव्हरकाकांचे हात स्टिअरिंगवर होते. मुंगीचे मांडीवर होते. आणि ते हट्टी दार खडखडत, अगदी सावकाश, बंद झालं.