सगळेच मधोमध

रेयांशआबा जगदाळे यांच्या पंचाहत्तरीच्या फ्लेक्सवरून विट्यातलं मंडळ फुटायला आलं होतं. एकविसावं शतक सरत आलं, चंद्रावर पिठाच्या गिरण्या झाल्या, पण फ्लेक्सवर साहेब मोठे आणि शुभेच्छुक बोटाएवढे, हा रिवाज काही हलला नव्हता. कार्याध्यक्ष कियानरावांनी सांगूनच टाकलं, की आपला फोटो दोन्ही कानांसकट आला नाही तर वेगळं मंडळ काढू. जन्मभर जपलेलं मंडळ आपल्याच वाढदिवशी मोडणार म्हणून आबांना अन्न गोड लागेना.

शेवटी त्यांनी डॉ. हेमांगी तगारे यांना बोलावलं. चंद्रावर जागा कमी, माणसं फार; म्हणून बाईंनी जागाच वाकवण्याचं तंत्र काढलं होतं. अशा वाकवलेल्या मैदानाला लोक वक्रांगण म्हणत.

"आबा, एका ताटाभोवती त्याच मापाची किती ताटं खेटून बसतात?"

"सहा. पंगती वाढण्यात जन्म गेला आमचा."

"वक्रांगणात सात बसतात. पुढच्या रांगेत त्याहून कितीतरी जास्त. जागा चहूकडे अशी फुगत जाते, की कुठंही उभं राहा, आपणच मधोमध आहोत असं वाटतं. फ्लेक्सऐवजी तुमच्या मैदानाचं वक्रांगण करू आणि सगळ्यांचे चेहरे एकाच मापानं रांगोळीत काढू. ज्याला त्याला आपला मोठा दिसेल, बाकीचे लांब जातील तसे बारीक."

"म्हणजे फसवणूकच की."

"फसवणूक कसली? तिथून तसंच दिसतं."

"कियानला पण?"

"त्यालाही."

"मग काढा."

वाढदिवशी जो तो आपापल्या चेहऱ्यापाशी उभा राहिला. दोन्ही कान बघून कियानरावांना भरून आलं. मंडळाच्या इतिहासात प्रथमच कुणी रुसलं नाही. मात्र हार घेऊन आबांकडे कुणी येईना. कियानरावांनी लांबूनच हात जोडले. आबांना फार वाईट वाटलं.

ओवाळायची वेळ झाली. आबांच्या पत्नी मायराकाकीही आपल्या चेहऱ्यापासून हलल्या नव्हत्या. "अहो, इकडं या," त्या म्हणाल्या. आबांना त्या मुंगीएवढ्या दिसत होत्या.

"थोडं चाला," डॉक्टर म्हणाल्या. "मोठ्या होतील."

आबा निघाले. काकी खरंच मोठ्या झाल्या, निरांजनाची ज्योतही दिसू लागली. मग आबांनी मागं वळून पाहिलं. स्वतःचा चेहरा बत्ताशाएवढा झाला होता.

"मायरा, तिथूनच ओवाळ," म्हणत आबा आल्या पावली परत फिरले. काकींना बहुधा ते ऐकू गेलं नाही.