आठव्या खाचेतला पाहुणा

मी तोलोगोन. बिश्केकात सव्वीस वर्षं सर्किट बोर्डांना डाग देतोय. शाळा आठवीत सुटली, त्यामुळे आमची प्रोग्रामर बुरुल काय लिहिते ते मला ती सांगेल तेवढंच कळतं.

खिंडीत बर्फावर नजर ठेवणाऱ्या पेट्या आमच्याच. पेटीच्या खाचांत तापमापी बसतात, एका जरी खाचेतला आकडा उसळला की खाली गावात भोंगा वाजतो. जुना प्रोसेसर निघायचा बंद झाला आणि नवा आकडे उलट्या टोकाने वाचतो. म्हणून सिस्टीम आणि यंत्र यांच्यातलं बोलणं बुरुलला नव्याने लिहावं लागलं. हिवाळा तोंडावर, आणि त्याच गावात तिची आई एकटी.

दुपारी पहिल्यांदा पेटी चालू केली. सुरू होताना सिस्टीम प्रत्येक खाचेला विचारते, कोण आहे? सात खाचांनी ओ दिली, पण आकडे वेडेवाकडे. आठवीनेही दिली.

"बायके, आठवीत काय जोडलंत?" बुरुलने विचारलं. बायके म्हणजे आमच्याकडे दादा.

"काही नाही. रिकामी आहे ती."

"मग बोलतंय कोण?"

तिने आकड्यांची टोकं फिरवली. साती ठिकाणी खोलीचे अठरा अंश आले. आठवीत छत्तीस पूर्णांक सहा.

गाडीवाला कुबान चहा पीत दारात उभा होता. "छत्तीस सहा? ताप नाही म्हणजे. पाठवा शाळेत."

हसून हसून आमची पोटं दुखली. मग मी बोर्ड बदलला. तीन बदलले. आकडा तोच. खाचेवर बोट ठेवलं, तर तांबं गारच.

"एका ओळीत बंद करता येईल," बुरुल म्हणाली.

"कर की."

"दारात आलेल्याला हाकलायचं?" कुबान म्हणाला. "आणि वर नावही विचारतेस. आईने हेच शिकवलं का गं?"

आमच्यात पाहुण्याला नाव विचारत नाहीत. बुरुल ओशाळली. तिने आठवीपुरता 'कोण आहे' हा प्रश्न पुसला, नुसता आकडा वाचायचं ठेवलं. पेटीपुढे एक पियाला चहाही ठेवला. मग आम्ही गाणी म्हणत पेटी गाडीवर चढवली.

जानेवारीत भरदुपारी भोंगा वाजला. सात खाचा गप्प होत्या. आठवी चाळिसावर गेली होती. गाव शाळेच्या टेकाडावर पळालं. दहा मिनिटांनी बर्फ तीन घरांवर आलं, त्यातलं एक बुरुलच्या आईचं. म्हातारीने फोन करून आम्हालाच झापलं, चुलीवरचं दूध गेलं म्हणून. बुरुल रडली, कुबानने मला उचलून नाचवलं.

परवा खिंडीतली रोजची यादी आली. सात ओळी उणे बारा. आठवी छत्तीस सहा.

खाली नववी ओळ.

पेटीला खाचा आठ. बुरुलने लिहिल्यात आठ.

नववीत सदतीस पूर्णांक दोन.

"हिला ताप आहे का गं?" मी विचारलं.

बुरुलने पडद्यावरच्या नवव्या ओळीवर बोट ठेवलं.

"नाही बायके," ती हळूच म्हणाली. "तान्ही बाळं जरा गरमच असतात."