सात दिवसांत दोन पुरावे

वर्ध्याच्या वाचनालयात १९९१ सालच्या वर्तमानपत्रांची एकत्र शिवलेली बांधणी रंजिताला हवी होती, आणि नेमकी तीच दुसऱ्या कुणाच्या तरी हातात होती.

खिडकीजवळ तो बसला होता. बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, बोटांना जुन्या कागदाची पिवळी धूळ.

"तुमचं झालं की मले देसाल का?" ती म्हणाली. "घाई आहे... सातच दिवस आहेत माझ्याजवळ."

"डॉक्टरांनी सांगितलं काय?"

तिला हसू आलं नाही. "ज्ञानकोशवाल्यांनी. ऑनलाइन असते ना तो, कोणीही लिहू शकते असा. त्यात मी एक लेख लिहिला, तर कोरडवाहू नावाच्या एका माणसानं वर पाटी ठोकली. 'विषय दखल घेण्याजोगा वाटत नाही. पुढच्या सोमवारी पाचपर्यंत दोन स्वतंत्र पुरावे द्या, नाहीतर लेख काढला जाईल.' नावासारखाच असंल तो. कोरडा."

त्यानं बांधणी हळूच मिटली. "सिंदीच्या गोपिकाबाई?"

"तुम्हाले कसं माहीत?"

"मीच तो... कोरडवाहू. शौनक नाव माझं."

रंजिताचे कान तापले. निघून जावं, असं वाटलं. पण बांधणी त्याच्याजवळ होती. "मग इथं काय करून राह्यले?"

"पुरावे शोधून राह्यलो. रीत अशी आहे, की पाटी लावणाऱ्यानं आधी स्वतः शोधायचं. मी आधी लावली, मग शोधायला आलो. चूक झाली."

"आणि माझी चूक कोणती?"

"पुराव्याच्या जागी तुम्ही लिहिलं — 'स्वतः गोपिकाबाईंनी सांगितले.'" त्यानं ओठ दाबून हसू आवरलं. "ज्याचा दाखला, त्याचीच सही कशी चालंल?"

ती समोरच्या खुर्चीवर बसली. रागातच बसली, पण बसली.

गोपिकाबाई सिंदीच्या जिनिंगमध्ये, कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, कामाला होत्या. दुपारच्या जेवणाच्या सुटीत त्या रिकाम्या पोत्यावर कोळशानं अक्षरं काढत आणि सोबतच्या बाया ती गिरवत. बावीस वर्षं हे चाललं. रंजिताच्या आईनं लेकीच्या शाळेच्या अर्जावर अंगठा न लावता सही केली, ती त्याच पोत्यावर शिकून. आता बाई ब्याऐंशीच्या होत्या. आपलं नाव ज्ञानकोशात आलं हे त्यांनी गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं होतं. रोज सकाळी रंजिता शाळेत कारकुनीला निघाली, की त्या दारातून विचारत —

"पोरी, आहे का मी अजून?"

"आहे बाई."

तेवढं म्हणून ती भरभर पुढे निघायची.

मंगळवार गेला. बुधवारीही ती अर्धी रजा टाकून आली. दोघं एकाच टेबलावर पानं उलटत. ती त्याच्याकडे बघत नव्हती... निदान तो बघत असताना तरी नाही. एक्याण्णव, ब्याण्णव संपवून गुरुवारी त्र्याण्णव सालच्या बांधणीत तिचं बोट थबकलं. तीन रकाने, सोबत धूसर फोटो. पोत्याभोवती बसलेल्या बाया, मध्ये हातात कोळसा घेतलेल्या गोपिकाबाई.

"सापडलं," ती पुटपुटली.

तो वाकून पाहू लागला. त्याचा खांदा तिच्या खांद्याला लागला आणि दोघंही एकदम सावरून बसले.

"एक झाला," तो बातमीची तारीख टिपून घेत म्हणाला. "आता दुसरा."

शुक्रवारी लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर दोघा जणांनी लिहिलं — काढावा. एकच बातमी पुरत नाही. रंजिताचं मत 'ठेवावा', शौनकनं आपलं बदलून 'ठेवावा' केलं. दोन विरुद्ध दोन. तिला जेवण जाईना.

शनिवारी त्याचा फोन आला, मागे गाड्यांचा गलका. "नागपूरला आहे. बायांच्या शिक्षणावरचं एक पुस्तक मिळालं. चार पानं आहेत बाईंवर."

"तुम्ही नागपूरले गेले? मी तं म्हटलं नव्हतं..."

"तुम्ही नाही म्हटलं," तो म्हणाला, आणि फोन ठेवला.

रविवारी ती चार पानं घेऊन तो सिंदीला आला. बाईंच्या ओसरीवर चहा झाला. जिनिंगकडून कापसाचे तंतू उडत येत होते. एक रंजिताच्या वेणीत अडकला. त्याचा हात पुढे झाला, मध्येच थांबला, आणि त्यानं कप उचलला. कप रिकामा होता.

बाईंनी ते पाहिलं. तो हात धुवायला गेल्यावर विचारलं, "कोण होय वो हा पोरगा तुहा?"

"कोणी नाई, बाई. ज्ञानकोशातला आहे."

"कोणी नाई? मंग नागपूरले कायले गेलता?"

रंजितानं कपबशा उचलल्या.

सोमवारी अकरा वाजता शाळेच्या कार्यालयात तिनं चर्चेचं पान उघडलं. शौनकच्या मतावर आडवी रेघ होती. खाली लिहिलं होतं — 'मी माझे मत मागे घेत आहे. लेखिकेशी माझा हितसंबंध निर्माण झाला आहे. पुरावे खाली दिले आहेत, ते इतरांनी तपासावेत.'

तिनं ते तीनदा वाचलं. मग व्हरांड्यात जाऊन फोन लावला.

"मत काऊन मागे घेतलं? आज पाच वाजता निकाल आहे."

"नियम आहे. आपलं माणूस असलं, की त्याच्या लेखावर मत द्यायचं नाही."

"आपलं म्हणजे?"

"सध्या... एकाच बाजूनं आहे. तरी जाहीर करावं लागते."

ती व्हरांड्याच्या टोकाला, घंटेखाली जाऊन उभी राहिली. "सगळ्या दुनियेले लिहून सांगितलं. मलेच नाई सांगितलं."

"तुमच्यासमोर कप उचलला जाते फक्त."

तिला हसू आलं, आणि त्याच क्षणी रडूही. "लेख गेला तर बाईले काय सांगू मी?"

"साडेचारच्या आत मी बाईंकडे येतो. गेलाच, तर दोघं मिळून सांगू."

फोन ठेवल्यावर तिला कळलं, आता आपलीही सुटका नाही. तिनं स्वतःच्या मतावर रेघ मारली. खाली लिहिलं — 'माझाही.' आता लेखाच्या बाजूनं कुणीच नव्हतं. नुसती एक बातमी आणि चार पानं.

पाच वाजता तिघं ओसरीवर बसले होते. रंजिताचा अंगठा पान पुन्हा पुन्हा ओढत होता. पाच वाजून पाच. पाच वाजून बारा. शौनकनं एकदाही कपाला हात लावला नाही.

मग पान बदललं. काढा म्हणणाऱ्या दोघांनी पुस्तकातली पानं वाचून आपलं मत बदललं होतं. निकालाची ओळ एवढीच — 'पुरावे पुरेसे आहेत. लेख ठेवावा.'

"बाई... आहे तुम्ही."

"आण इकडं. माह्या डोयानं पायतो."

बाईंनी फोन हातात घेतला. बोट कोळसा धरल्यासारखं आखडून त्या एकेक अक्षर लावू लागल्या. निकाल वाचला. बोट सरकून वर गेलं.

"हि... त... सं... बं... ध. हे काय असते?"

रंजिता फोन घ्यायला पुढे झाली. बाईंनी खालचा शब्द लावला. "मा... झा... ही." चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"काल तं कोणी नाई म्हणे."

रंजितानं मान खाली घातली. वेणीत आज पुन्हा अडकलेला कापसाचा तंतू कुणीतरी हलकेच काढून घेतला... आणि या वेळी हात मध्ये थांबला नाही.