अकरा सेकंदांची पोकळी

कातळवाडीत आधी आण्णा उठायचे, मग सूर्य.

मंगळावरच्या या चारशे माणसांच्या वस्तीला जाग यायची ती 'उठा की आता!' या रेडिओ कार्यक्रमानं. बोलणारे दोघं. मुलगी प्रभा इथल्या स्टुडिओत, आणि तिचे वडील शांतिनाथ मगदूम, म्हणजे आण्णा, तिकडे पृथ्वीवर, जयसिंगपुरात.

"शेजारच्या चौगुल्यांचं घड्याळ वीस मिनिटं पुढं असतंय," त्या सकाळी आण्णा सांगत होते. "आज त्यांच्यातच जाऊन बसलोय. म्हटलं, बावीसातली वीस हितंच वाचली. प्रभेला आता दोनच मिनिटं थांबायचं!"

"आण्णा, पुरे!" प्रभाचा वैतागलेला आवाज आला.

सार्वजनिक स्वयंपाकघरात हशा पिकला. तिथल्या नव्यानंच आलेल्या मुख्य, यमुनाक्का, आमटीवर झाकण ठेवून बापलेकीचं भांडण बघायला थेट स्टुडिओत आल्या. बघतात तर माईक बंद, आणि प्रभा तोंडावर ओढणी दाबून हसतेय. रेडिओवर मात्र तिचा आवाज करवादत होता, "देवा, काय हे!"

"अगं, तू तर इथं खिदळतेयस! मग ही बोलतेय कोण?"

"मीच. नऊ वर्षांपूर्वीची." प्रभानं डोळे पुसले. "आक्का, रेडिओच्या लहरी प्रकाशाच्या वेगानं जातात, तरी सध्या पृथ्वी बावीस मिनिटांवर आहे. मी 'हं' म्हणायचं, ते पोचायला बावीस मिनिटं. आण्णांचं 'काय?' यायला आणखी बावीस. तेवढ्यात तुमची आमटी दोनदा उतू जाईल. म्हणून आम्ही गप्पा मारत नाही, जुळवतो."

ते जुळवणं असं होतं. आण्णा आपलं बोलणं आधीच भरून पाठवत. या 'बोलपट्टी'त ते विनोद झाला की दोन सेकंद थांबत. 'जुळणी' नावाची प्रणाली पट्टी न वाजवताच तिचं चित्र काढी. बोलणं निळं, हसू पिवळं, शांतता पांढरी. त्या पांढऱ्या पोकळीवर प्रभा एखादी 'वरपट्टी' ठेवी, म्हणजे दुसऱ्या आवाजावर बसवायचा छोटासा आवाज. तिच्याकडे अशा सात होत्या, सातही वैतागाच्या. आधी ऐकायचं नाही, नुसत्या पोकळ्या मोजायच्या, हा बापलेकीचा नियम. विनोद तिलाही सगळ्यांबरोबरच कळायचा. जुळलेला कार्यक्रम मग आण्णांकडेही जाई.

"आणि हे तुझं हसणं? ते जातं का आण्णांकडं?"

"ते कशाला? डोक्यावर बसतील."

दुसऱ्या दिवसापासून सूर्य मधे येणार होता. पृथ्वी आणि मंगळ सूर्याच्या दोन बाजूंना गेले की त्याच्या खळबळीत रेडिओसंदेश हरवतात. चौदा दिवस ना काही येणार, ना जाणार. आण्णांनी चौदा दिवसांच्या पट्ट्या पुरचुंडी बांधून दिल्यासारख्या आधीच पाठवल्या होत्या.

संध्याकाळी मार्ग बंद होण्याआधीचा शेवटचा संदेश आला. तो भरतेशचा, तिच्या भावाचा होता. आण्णा जेवून पडले होते, ते उठलेच नाहीत.

तिनं उत्तर लिहिलं. पडद्यावर अक्षरं आली : मार्ग बंद, चौदा दिवस.

"लावू नकोस गं," सकाळी यमुनाक्का म्हणाल्या. "लोक समजून घेतील."

"त्यांनी मधे मधे माझ्यासाठी जागा ठेवलीय, आक्का. त्यांना एकट्यालाच बोलायला लावू?"

तिनं वस्तीला एका वाक्यात बातमी सांगितली आणि पट्टी सुरू केली. पहिल्या दिवशी कुणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी आण्णा म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, गोड कमी खा. मी लाडवाचे दोन तुकडे केले. दोन्ही कमीच हायत की!"

यमुनाक्का फस्सकन हसल्या, आणि घाबरून स्टुडिओच्या काचेपाशी धावल्या. प्रभाच्या तोंडावर ओढणी होती. खांदे हलत होते. "हसतेय ती!" त्यांनी येऊन सांगितलं, आणि सगळं स्वयंपाकघर मोकळं झालं. तिसऱ्या दिवसापासून तिथल्या ताटल्या पुरेनात, लोक न्याहारीला घरची ताटली घेऊन येऊ लागले. सुतकाच्या घरात इतकं हसू कातळवाडीनं कधी ऐकलं नव्हतं.

चौदाव्या पट्टीचं चित्र मात्र वेगळं होतं. थोडं निळं, मग अकरा सेकंदांची पांढरी पोकळी, आणि शेवटपर्यंत पिवळं. एवढी मोठी पोकळी आण्णांनी कधी ठेवली नव्हती. जुळणीनं तिथं कार्यक्रमाची धून सुचवली. प्रभानं ती काढली. आपली एकेक वरपट्टी तिथं ठेवून पाहिली. एकही पुरेना.

तेव्हा तिला ते कळलं. एका खोलीतल्या माणसांचं हसू निसटतं. दाबलं तरी भिंतीपलीकडं जातं, ताटावर वाकलेल्या मानेतूनही दिसतं. बावीस मिनिटांच्या अंतरावरून काहीच निसटत नाही. पाठवाल तेवढंच पोचतं. नऊ वर्षांत तिनं सात वैताग पाठवले होते. दाबलेलं हसू ओढणीतच राहिलं होतं.

पट्टी न ऐकताच तिनं पोकळी रिकामी ठेवली.

चौदाव्या सकाळी स्वयंपाकघरात बसायला जागा नव्हती.

"आज मला काय सुचंना बघ, प्रभे," आण्णा म्हणाले. "रोज मीच व्हय? आज तू सांग. कसलाही असू दे. हसायचं माझ्याकडं लागलं."

पडद्यावरची रेघ निळं ओलांडून पांढऱ्यात शिरली. पलीकडे आण्णांचं हसू आधीच तयार होतं. ती काय बोलणार हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि कधी कळणारही नव्हतं. तरी त्यांनी पोट धरून हसून ठेवलं होतं.

प्रभानं ओढणी बाजूला ठेवली आणि माईक उघडला.

"आण्णा, मला हसू यायचं. दरवेळी. माईक बंद करून हसायची मी."